सकाळी पावणेसातचा सल्ला : नेरूळमधील एका बालरोग दवाखान्याची दूरध्वनी सेवा

नेरूळ पूर्वेला, रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एका बालरोगतज्ज्ञ बाईंचा दवाखाना आहे. शाळेच्या दिवसांत सकाळी पावणेसात ते पावणेआठ या वेळेत तेथे नोंदणी केलेल्या कुटुंबांना दूरध्वनीवर सल्ला मिळतो, आणि तो मुख्यतः एकाच प्रश्नासाठी असतो : आज मुलाला शाळेत पाठवावे की घरी ठेवावे? माझी मुलगी चौथीत आणि मुलगा मोठ्या शिशूत असल्यामुळे ही सेवा आम्ही पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही वापरली आहे. दवाखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशी सेवा कोणत्याही भागातील बालरोगतज्ज्ञांना सुरू करता येण्यासारखी आहे आणि ती चांगली कशामुळे ठरते हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी वेळेविषयी. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, त्यामुळे लहान मुलांची झोप वाचली. परंतु नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या आईवडिलांची सकाळ शाळेच्या घंटेवर चालत नाही, ती लोकलच्या वेळापत्रकावर चालते. आमच्या इमारतीत कोणी हार्बरने सीएसएमटीकडे, कोणी ट्रान्स-हार्बरने ठाण्याकडे निघते आणि साडेसात-पावणेआठनंतर घरात निर्णय घेणारे माणूस राहत नाही. दहा वाजता उघडणारा दवाखाना कितीही उत्तम असला तरी या प्रश्नापुरता तो उशिराच उघडतो. डॉक्टरबाईंनी नेमकी हीच वेळ हेरली आहे. शुल्क दवाखान्यातील तपासणीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणीसाठी यावे लागले तर ते त्या रकमेतून वजा होते.

दूरध्वनीवर कोणता सल्ला देता येतो आणि कोणता नाही, याविषयी दवाखान्याचे धोरण काटेकोर आहे. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यक सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय पातळीवर प्रसिद्ध झाली. पॅरासिटामॉल किंवा ओआरएस यांसारखी साधी औषधे दूरध्वनीवरही सुचवण्याची मुभा त्यांत आहे. या दवाखान्यात त्यापलीकडे सकाळच्या वेळेत काहीही लिहून मिळत नाही. प्रतिजैविक मागणाऱ्या पालकांना नम्रपणे पण ठामपणे नकार मिळतो. आमच्या ओळखीतील काहींना ही उणीव वाटते. मला तो या सेवेवर विश्वास ठेवण्याचा पहिला आधार वाटतो.

सेवेचा खरा कस प्रश्नांत आहे. आपण ‘ताप आहे’ असे म्हणून सुरुवात करतो, तेव्हा डॉक्टरबाई तापाचा आकडा लगेच विचारत नाहीत. रात्री झोप लागली का, उठल्यावर मुलाने काही खायला-प्यायला मागितले का, शेवटची लघवी केव्हा झाली, भावंडाशी नेहमीसारखी कुरबूर चालू आहे की तो गप्प पडून आहे, हे आधी येते. मगच आकडा, आणि त्याबरोबर तो कोठे मोजला हा प्रश्न. काखेत घेतलेला आकडा शरीराच्या आतील तापमानापेक्षा थोडा कमी भरतो, तर कपाळाजवळ धरायच्या यंत्राचा आकडा घामाने, पंख्याच्या झोताने किंवा वातानुकूलित खोलीतून नुकतेच बाहेर आल्याने बदलतो. म्हणून त्या साधा डिजिटल थर्मामीटर, तोही कोरड्या काखेत, हात अंगाशी घट्ट धरून वापरायला सांगतात. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल तर त्या दिवशी शाळा नाही. मात्र ९९ अंश असूनही मूल मलूल असेल तर त्यालाही शाळा नाही, आणि हे त्या तितक्याच स्पष्टपणे सांगतात.

यानंतरचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे : पॅरासिटामॉल दिले आहे का, आणि किती वाजता? हे औषध साधारण चार ते सहा तास परिणाम करते. सहा वाजता डोस देऊन नऊ वाजता हसत्या मुलाला व्हॅनमध्ये बसवले, तर अकराच्या सुमारास, भर वर्गात, ताप पुन्हा वर येतो. तोपर्यंत त्याने शेजारच्या मुलाबरोबर डबा खाल्लेला असतो आणि बाई पालकांना फोन लावत असतात, तेव्हा आई कुर्ल्याच्या पुढे कोठेतरी गाडीत उभी असते. औषधाशिवाय सलग चोवीस तास ताप आलेला नसावा, हा दवाखान्याचा नियम याच कारणासाठी आहे. नियम नवा नाही. अनेक शाळांच्या पुस्तिकेतही तो छापलेला असतो. फरक इतकाच की येथे तो पाळायचा कसा, हे सांगितले जाते. ताप उतरल्याची वेळ घड्याळ पाहून लिहून ठेवायची, शेवटचा डोस त्याच्या शेजारी लिहायचा आणि चोवीस तास मोजायचे ते शेवटच्या डोसाचा असर संपल्यापासून. आमच्या स्वयंपाकघरातील फ्रीजवर आता यासाठी एक कागद कायमचा लागलेला आहे.

डोसाच्या बाबतीतही अशीच बारकाई आहे. लहान मुलांचे पॅरासिटामॉल सिरप बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते : ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले, शिवाय तान्ह्या बाळांचे थेंब आणखी वेगळे. एकाच मापाच्या झाकणातून दुपटीहून अधिक औषध पोटात जाऊ शकते. म्हणून ‘पाच एमएल देते’ असे आपण म्हटले की बाटली हातात घेऊन तिच्यावरचा आकडा वाचून दाखवायला सांगितले जाते आणि मुलाच्या वजनाला प्रतिकिलो १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने डोस सांगितला जातो.

मुलाला शिशुवर्गात सर्दी-खोकला वरचेवर होत असे, तेव्हाचा एक प्रसंग या सेवेची पद्धत नेमकी दाखवतो. ताप नव्हता, पण रात्रभर खोकला चालू होता. डॉक्टरबाईंनी बनियन वर करायला सांगितले, दूरध्वनीचा आवाज मोठा करून तो बाजूला ठेवायला लावला, आणि मूल शांत असताना पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला सांगितले. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, असेही बजावले. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास ही जागतिक आरोग्य संघटनेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी ठरवलेली जलद श्वासाची मर्यादा आहे. आमचा आकडा तिच्या बराच खाली होता. नंतर त्यांनी बरगड्यांखालची कातडी श्वास घेताना आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, बोलताना वाक्य मध्ये तुटते का, हे विचारले. सगळ्याची उत्तरे नकारार्थी आली तेव्हा त्यांनी मुलाला शाळेत पाठवायला सांगितले, पाण्याची बाटली मोठी द्या म्हणाल्या आणि खोकल्याचे कोणतेही सिरप देऊ नका असे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा शिफारशीत नाहीत, हे पुन्हा बजावले. या दवाखान्यात ते त्यापूर्वीपासूनच पाळले जात होते.

शाळेत पाठवा, असे सांगण्याचे धैर्य मला घरी ठेवा, असे सांगण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो आणि तेवढ्यासाठी मुलाचा अभ्यास, खेळ आणि मैत्री बुडवण्याचे कारण नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवे, असे नाही. डोक्यात उवा झाल्या तरी शाळा बुडवण्याची गरज नसते. संध्याकाळी औषध लावून बारीक फणीने केस विंचरणे पुरते. याउलट प्रत्येक सोमवारी पोट दुखत असेल आणि रविवारी संध्याकाळी दुखत नसेल, तर डॉक्टरबाई पोटाविषयी कमी आणि वर्गाविषयी अधिक विचारतात. त्या मुलाला खोटारडा ठरवत नाहीत, हे मी विशेष नोंदवू इच्छिते.

नोंदणी करताना एक छापील पत्रक मिळते. त्यात आजारवार किती दिवस घरी ठेवायचे हे दिले आहे आणि त्याची मांडणी मोठ्या अक्षरांत, वाचायला सोपी आहे. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, उलटी-जुलाबांत शेवटच्या उलटी किंवा जुलाबानंतर अठ्ठेचाळीस तास, डोळे आले असतील तर पाणी आणि चिपडे थांबेपर्यंत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली आणि २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा असे एक पान प्रत्येक घरात असायला हवे होते. हात, पाय आणि तोंडात फोड येणाऱ्या आजाराबाबत, ज्याला शाळांच्या व्हॉट्सॲप गटांत सर्रास ‘एचएफएमडी’ म्हटले जाते, पत्रकातील सूचना विशेष उपयुक्त आहे. त्याचा विषाणू फोड गेल्यावरही कित्येक आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो, त्यामुळे तो पूर्ण संपेपर्यंत मुलाला घरी ठेवणे व्यवहार्य नसते. ताप जाऊन फोड सुकले की शाळा, पण हात सॅनिटायझरने नव्हे तर साबणाने धुवायचे. हे कारणासकट सांगितल्यामुळे घरातील ज्येष्ठांनाही पटते.

मात्र पत्रकातील एका नियमाला डॉक्टरबाई स्वतःच पावसाळ्यात अपवाद करतात, आणि या सेवेला मी वरचा दर्जा देते तो प्रामुख्याने त्यामुळे. ताप उतरला की मूल बरे झाले, हा आपला सर्वांचा ठाम समज असतो. डेंग्यूत तो घात करू शकतो. त्या आजारात ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो, कारण त्या वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि वरवर थंड पडलेले मूल आतून खालावत जाते. म्हणून जुलै ते नोव्हेंबर या महिन्यांत, सर्दी-खोकल्याशिवाय दोन दिवसांहून अधिक टिकलेला जोराचा ताप असेल, तर चोवीस तासांचा नियम बाजूला ठेवून डॉक्टरबाई आधी मुलाला प्रत्यक्ष तपासतात आणि गरजेप्रमाणे रक्ताची तपासणी करून घेतात. ताप गेल्यानंतरही दोन दिवस घरीच ठेवायला सांगतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, मूल विचित्र गळून जाणे किंवा चिडचिडे होणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. या काळात आयब्युप्रोफेन हे तापावरचे दुसरे औषध द्यायचे नाही, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो; फक्त पॅरासिटामॉल द्यायचे. आमच्या मागच्या गल्लीत बांधकाम चालू आहे आणि तेथे पाणी साचते; महापालिकेचे फवारणी कर्मचारी येऊन गेले तरी कुंड्यांखालच्या ताटल्या आपल्याच घरात असतात. डॉक्टरबाई दूरध्वनीवर त्या ताटल्यांची आठवण करून द्यायलाही विसरत नाहीत.

‘आज घरी कोण आहे?’ हा त्यांचा शेवटचा प्रश्न. या उत्तरावर त्या निर्णय बदलत नाहीत. घरात जो थांबणार आहे त्याच्याशी त्यांना बोलायचे असते. पाळणाघरे आजारी मुलाला घेत नाहीत आणि ते योग्यच आहे, त्यामुळे आमच्याकडे बहुतेक वेळा माझ्या सासूबाई थांबतात. मुलीला उलट्या होत होत्या तेव्हा डॉक्टरबाईंनी दूरध्वनी त्यांच्याकडे द्यायला सांगितला आणि ‘आजी, पुडीवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा,’ अशी सुरुवात केली. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेल्याभर पाण्यात कालवली तर मीठ धोकादायक प्रमाणात वाढते. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबायचे, मग चमचा-चमचा करून दर दोन-तीन मिनिटांनी द्यायचे, पेलाच तोंडाला लावायचा नाही, आणि तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यायचे. खोक्यात मिळणारी गोड पेये ओआरएस समजून आणू नका, हेही त्यांनी सांगितले. अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. सासूबाईंनी सर्व ऐकून घेतले, आणि भाताची पेज चालेल का, असे विचारले. चालेल, मीठ घालून चालेल, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी मी कार्यालयात निर्धास्त होते, याचे श्रेय त्या पाच मिनिटांच्या संभाषणाला आहे.

आता उणिवा. पावसाळ्यात दूरध्वनी लागत नाही. सात ते साडेसात या अर्ध्या तासात सतत व्यस्त असल्याचा संदेश येतो. मदतनीस नंतर परत दूरध्वनी करतात, पण तो कधीकधी निर्णयाची वेळ टळल्यावर येतो. डॉक्टरबाई रजेवर असताना त्यांच्या जागी बसणारे तरुण डॉक्टर दोन प्रश्नांतच ‘ठेवा घरी’ म्हणतात. सुरक्षित उत्तर म्हणून ते चुकीचे नाही, परंतु त्या एका वाक्यामागे एखाद्याचा दिवसाचा पगार असतो, विशेषतः ज्या घरकाम करणाऱ्या ताईंना पगारी रजा नसते त्यांचा, आणि म्हणून नीट विचारून मगच ते सांगितले जावे अशी माझी अपेक्षा आहे. पत्रक मराठी आणि इंग्रजीत आहे, हिंदीत नाही. नेरूळमध्ये तमिळ, मल्याळी, गुजराती, उत्तर भारतीय अशी सर्व प्रकारची कुटुंबे राहतात आणि मुलांना सांभाळणाऱ्या अनेक बायका केवळ हिंदी वाचतात, तेव्हा ही उणीव सहज भरून काढता येण्यासारखी आहे.

प्रमाणपत्राचा प्रश्न मात्र दवाखान्याच्या हातातला नाही. एक दिवसाच्या अनुपस्थितीनंतरही डॉक्टरांचा दाखला मागणाऱ्या शाळा आहेत. आमच्याही वाट्याला ते आले. दाखला दूरध्वनीवर देता येत नाही, असे दवाखान्याचे म्हणणे आहे आणि मुलाला न पाहता दाखला न देणे हे बरोबरच आहे. परिणामी पूर्ण बऱ्या झालेल्या मुलाला केवळ एका कागदासाठी खोकणाऱ्या मुलांनी भरलेल्या प्रतीक्षाकक्षात तासभर बसावे लागते. त्याच शाळेत वर्षअखेरीस शंभर टक्के हजेरीसाठी मुलांना व्यासपीठावर बोलावून गौरवले जाते. आठ-नऊ वर्षांचे मूल त्या गौरवासाठी अंगात ताप असल्याचे लपवते, हे आम्ही इमारतीतील एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. साध्या तापासाठी दोन-तीन दिवसांपर्यंत पालकांची चिठ्ठी पुरेशी मानावी आणि हजेरीचे बक्षीस बंद करावे, अशी विनंती आम्ही काही पालकांनी लेखी केली आहे. डॉक्टरबाईंनी त्या अर्जासोबत आपले पत्रक जोडायची परवानगी दिली आणि त्यावर स्वतःची स्वाक्षरीही केली.

दमा, झटके, हृदयविकार किंवा अन्य दीर्घ आजार असलेल्या मुलांसाठी ही सेवा पुरेशी नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरबाई स्वतंत्र लेखी योजना करून देतात आणि तिची एक प्रत वर्गशिक्षिकेकडे द्यायला सांगतात. बाकी शाळकरी मुलांच्या कुटुंबांना, विशेषतः जेथे दोन्ही पालक लोकलने प्रवास करतात अशांना, मी ही सेवा मनापासून सुचवते. तिचा सर्वांत मोठा लाभ असा की काही महिन्यांनी आपणच त्या क्रमाने विचार करू लागतो आणि दूरध्वनी कमी वेळा करावा लागतो.

नोंदणीसाठी मुलाला एकदा प्रत्यक्ष दवाखान्यात न्यावे लागते. सोबत लसीकरणाचे कार्ड, पूर्वीच्या आजारांचे कागद आणि घरात असलेल्या औषधांच्या बाटल्या न्याव्यात, कारण त्या सर्व बाटल्या पाहून, मुदत संपलेल्या बाजूला काढून, उरलेल्यांवर मुलाच्या वजनाप्रमाणे डोस चिकटपट्टीवर लिहून दिला जातो. वजन दर तीन महिन्यांनी कळवायचे असते. ते कळवले नसेल तर मदतनीस सकाळच्या दूरध्वनीतच आधी ते विचारतात, म्हणून काटा घरात हाताशी ठेवावा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नोंदणीसाठी गर्दी होते, तेव्हा मे महिन्यातच जाऊन यावे.